मद्रासेंत सांपडलेला ‘एशिया’

मंगळ व गुरु यांच्या कक्षांमधल्या विस्तीर्ण अवकाशांत सूर्याभोंवतीं फिरणाऱ्या लघुग्रहांची जी यादी ज्योतिषी ठेवतात, तींत सदुसष्टाव्या क्रमांकावर ‘एशिया’ हें नांव आहे. त्यापुढें तीन नोंदी असतात. शोधाची तारीख १७ एप्रिल १८६१, शोधक नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन, आणि शोधाचें स्थळ मद्रास. यादी एवढ्यावर थांबते. तिच्यांतील आधींचीं सहासष्ट नांवें वाचीत गेलें तर तीं सारीं युरोपांतून किंवा अमेरिकेंतून सांपडलेल्या गोलांचीं आहेत. आशिया खंडाच्या भूमीवरून सांपडलेला पहिला लघुग्रह तो हाच, आणि त्याच्या नांवाचें कारणहि तेंच. ज्या देशांत आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत ग्रहगणिताची परंपरा चालत आली, त्या देशांतून आकाशांतील एका नव्या ग्रहाची भर पडण्यास एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला, आणि ती भरहि एका परक्या सरकारच्या नोकरानें घातली, ही गोष्ट मनाला थोडी लागण्याजोगी आहे. परंतु ती घडली कशी हें पाहिलें म्हणजे केवळ खेद मानून स्वस्थ बसतां येत नाहीं.

हकीकतीचा आरंभ युरोपांत होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तितिउस व बोडे या दोन जर्मन विद्वानांनीं ग्रहांच्या सूर्यापासूनच्या अंतरांचा एक साधा अंकक्रम पुढें मांडला. त्या क्रमांत मंगळ व गुरु यांच्यामध्यें एक जागा रिकामी राहत होती. १ जानेवारी १८०१ रोजीं सिसिली बेटांतील पालेर्मो येथें ज्युसेप्पे पियाझी या धर्मगुरूस त्या जागीं शोभणारा सीरीज हा गोल दिसला. पुढल्या सहा वर्षांत पॅलस, जूनो आणि व्हेस्टा असे आणखी तीन सांपडले. एकाच्या जागीं चार निघाले, तेव्हां जें होतें तें सर्व सांपडलें अशी समजूत होऊन शोध थंडावला. तो पुन्हां जागा केला प्रशियांतील द्रीझेन गांवच्या कार्ल हेंके नांवाच्या एका निवृत्त पोस्टमास्तरानें. पंधरा वर्षें तो आपल्या घरून रात्रीमागून रात्री आकाश धुंडाळीत होता. १८४५ सालीं त्याला पांचवा लघुग्रह मिळाला. मोठमोठ्या वेधशाळांनीं टाकून दिलेलें काम एका पेन्शनरानें शेवटास नेलें, हें विसरतां कामा नये. १८४७ पासून मग दरवर्षीं एक-दोन तरी नवे गोल सांपडूं लागले, आणि लघुग्रह शोधणें हें तरुण ज्योतिष्यांचें नांव मिळविण्याचें एक साधन होऊन बसलें.

हें साधन सोपें मात्र नव्हतें. लघुग्रहाचें बिंब इतकें लहान कीं दुर्बिणींतूनहि तो एखाद्या अंधुक ताऱ्यासारखाच दिसतो. ताऱ्याहून त्याचें वेगळेपण एकच. तारा आपल्या जागीं राहतो, हा सरकतो. सरकतो तोहि किती? सूर्याच्या समोरच्या बाजूस असतांना दिवसाकाठीं चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनहि कमी. म्हणून शोधकाजवळ आकाशाच्या त्या पट्ट्याचा नकाशा लागे, आणि नकाशांत दहाव्या-अकराव्या प्रतीपर्यंतचे बारीक तारे ठिपक्याठिपक्यानें मांडलेले असावे लागत. रात्रीं एक डोळा दुर्बिणीला लावावयाचा, दुसऱ्यानें मिणमिणत्या दिव्याच्या उजेडांत नकाशा पाहावयाचा, आणि ठिपका व तारा यांचा मेळ घालीत जावयाचें. नकाशांत नसलेला एखादा तारा दिसला कीं तो काढणाराच्या नजरेंतून सुटला होता कीं खरोखर नवा आहे, हें ठरविण्यासाठीं एक-दोन तास थांबून पुन्हां मापावयाचें. बहुतेक वेळां चूक नकाशाचीच निघे. आकाशांत ढग आले, चंद्र मोठा झाला, कीं तेवढ्या रात्री वायां जात. या कामाला कुशाग्र बुद्धीपेक्षां शिपाईगिरी अधिक लागते, आणि बुद्धि लागते ती कंटाळा येऊं न देण्यापुरती.

पॉग्सनसाहेबांची घडण अशा कामाला साजेशीच होती. १८२९ सालीं इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विचार त्यांना व्यापारांत घालावयाचा होता, पण मुलाचा ओढा गणिताकडे. सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. विश्वविद्यालयाचें तोंड त्यांनीं विद्यार्थी म्हणून पाहिलें नाहीं. तरी अठराव्या वर्षीं त्यांनीं दोन धूमकेतूंच्या कक्षा गणितानें काढल्या होत्या. पुढें ऑक्सफर्डच्या रॅडक्लिफ वेधशाळेंत त्यांना साहाय्यकाची जागा मिळाली, आणि तेथें २३ मे १८५६ रोजीं त्यांनीं आपला पहिला लघुग्रह शोधला. वेधशाळेचे प्रमुख मॅन्युएल जॉन्सन यांनीं त्याला ‘आयसिस’ हें नांव दिलें. पॉग्सन यांच्या थोरल्या मुलीचें नांव एलिझाबेथ आयसिस असें होतें, तें मनांत धरून. बापाच्या परिश्रमाचें कौतुक मुलीच्या नांवानें करण्याची ही रीत मोठी गोड वाटते. या शोधाबद्दल फ्रान्सचें लालांद पदक त्यांना मिळालें, आणि पुढल्याच वर्षीं आरिआद्ने व हेस्तिआ असे दोन लघुग्रह त्यांच्या खात्यावर जमा झाले.

त्याच वर्षीं, १८५६ सालीं, लघुग्रहांचाच हिशेब करतांना पॉग्सन यांच्या हातून एक काम झालें, आणि त्यांचे सर्व लघुग्रह जगानें विसरले तरी तें राहील असें आहे. ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती प्राचीन काळापासून मानल्या जातात. ठळक तो पहिल्या प्रतीचा, नुसत्या डोळ्यांनीं जेमतेम दिसणारा तो सहाव्या. पण एका प्रतीहून दुसरी नेमकी किती उणी, याचें सर्वमान्य माप नव्हतें. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या सुमारें शंभरपट तेजस्वी असतो हें ध्यानांत आलें होतें. पॉग्सन यांनीं सुचविलें कीं पांच प्रतींचें अंतर बरोबर शंभरपट धरावें. म्हणजे एका प्रतीचें प्रमाण २.५१२ येतें. ही सूचना त्यांनीं केली ती १८५७ सालांत प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेस छत्तीस लघुग्रह किती तेजस्वी दिसतील याचें कोष्टक मांडतांना. शोधकांच्या सोयीसाठीं केलेल्या एका कोष्टकाची ही तळटीप जणूं सगळ्या ज्योतिषशास्त्राचा मापदंड होऊन बसली. आजच्या प्रचंड दुर्बिणींनीं टिपलेल्या अतिदूरच्या आकाशगंगांचें तेजहि याच मापानें मोजलें जातें.

आतां मद्रासकडे वळलें पाहिजे. तेथील वेधशाळेचें मूळ विल्यम पेट्री नांवाच्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या खासगी वेधशाळेंत आहे. ती १७८६ सालीं सुरू झाली. पुढें कंपनी सरकारनें ती आपल्याकडे घेतली व १७९२ सालीं नुंगंबाक्कम येथें तिच्यासाठीं इमारत उभी राहिली. कंपनीला ताऱ्यांचें प्रेम होतें असें नव्हे. किनाऱ्यावर आपटून फुटणारीं गलबतें वांचवावयाचीं, आणि जिंकलेल्या मुलुखाची मोजणी करावयाची, तर एखाद्या स्थळाचे अक्षांश-रेखांश बिनचूक ठाऊक असावे लागतात, म्हणून ही वेधशाळा. तथापि येथें काम चोख झालें. टी. जी. टेलर यांनीं केलेली सुमारें अकरा हजार ताऱ्यांची सूची १८४४ सालीं बाहेर पडली, आणि युरोपांत तिचा गौरव झाला. टेलरनंतर कॅप्टन विल्यम जेकब आले. या जेकब यांचा महाराष्ट्राशीं निकट संबंध आहे. मद्रासेस जाण्यापूर्वीं ते मुंबई इलाख्यांत इंजिनियर होते आणि पुण्यास त्यांनीं स्वतःची लहानशी वेधशाळा थाटून शेंकडों जोडताऱ्यांचे वेध घेतले होते. १८५९ सालीं त्यांनीं मद्रास सोडलें, परंतु पुण्याजवळच्या डोंगरावर मोठी वेधशाळा उभारण्याचा ध्यास सोडला नाहीं. पार्लमेंटानें त्यासाठीं १८६२ सालीं एक हजार पौंडांची रक्कमहि मंजूर केली. त्या ऑगस्टांत ते मुंबईस उतरले, पुण्यास पोंचले, आणि आठवड्याभरांतच वारले. ते जगते तर सह्याद्रीच्या माथ्यावरून कांहीं निराळाच इतिहास घडला असता.

जेकब यांच्या जागीं सरकारी ज्योतिषी म्हणून पॉग्सन यांची नेमणूक झाली आणि फेब्रुवारी १८६१ मध्यें ते मद्रासेस हजर झाले. देश नवा, हवा उष्ण व दमट. हाताशीं असलेल्या यंत्रांत पॅरिसच्या लेरेबूर व सेक्रेताँ यांच्या कारखान्यांतील सुमारें सहा इंच व्यासाची एक दुर्बीण होती. लंडन-पॅरिसच्या मानानें ही सामग्री बेताचीच. पण मद्रासला एक गोष्ट होती आणि ती ऑक्सफर्डला नव्हती. तेथें वसंतांत रात्रीमागून रात्री आकाश स्वच्छ असतें, आणि क्रांतिवृत्त डोक्यावरून जात असल्यामुळें लघुग्रह क्षितिजाजवळच्या धुरकट हवेंत न सांपडतां उंच आकाशांत मिळतात. उन्हाळ्याचा ताप माणसाला होतो, दुर्बिणीला नव्हे. येऊन पुरते तीन महिनेहि झाले नव्हते, तोंच १७ एप्रिलच्या रात्रीं पॉग्सन यांना नवा लघुग्रह सांपडला.

तो वसंतऋतु लघुग्रहांच्या इतिहासांत अपूर्वच म्हटला पाहिजे. फेब्रुवारींत नेपल्स येथें दे गास्पारिस यांना ‘ऑसोनिया’ सांपडला. मार्चांत मार्सेय येथें टेंपेल यांनीं चार दिवसांच्या अंतरानें दोन शोधले. ९ एप्रिलला अमेरिकेंतील केंब्रिज येथें टटल यांनीं ‘माया’ पाहिला. त्यानंतर आठव्या दिवशीं मद्रासेंत एशिया. एप्रिलच्याच अखेरीस बिल्क येथें लूथर यांना ‘लेटो’, आणि मिलान येथें स्कियापारेल्ली यांना ‘हेस्पेरिया’ मिळाला. हेस्पेरिया म्हणजे पश्चिमेचा देश. ग्रीक लोक इटलीला या नांवानें ओळखीत, आणि स्वदेशाच्या अभिमानानें स्कियापारेल्ली यांनीं तें निवडलें. म्हणजे एकाच महिन्यांत आकाशांत पूर्व व पश्चिम अशीं दोन्हीं नांवें कोरलीं गेलीं, आणि तीं ठेवणाऱ्या दोघांस एकमेकांच्या शोधाची वार्ता नव्हती. पॉग्सन यांनीं ‘एशिया’ हें नांव दुहेरी अर्थानें घेतलें. ग्रीक पुराणांत या नांवाची एक सागरकन्या आहे, त्यामुळें लघुग्रहांना देवतांचीं नांवें देण्याची चाल मोडली नाहीं. आणि खंडाचें नांवहि त्यांत साधलें.

एवढ्या चढाओढींत मद्रासच्या माणसाचें एक मोठें न्यून होतें. १८६१ सालीं हिंदुस्थान व इंग्लंड यांच्यामध्यें तार चालूं नव्हती. शोधाचें पत्र आगबोटीनें सुवेझपर्यंत, तेथून आगगाडीनें अलेक्झांड्रियास, आणि पुन्हां आगबोटीनें युरोपास जावयाचें. यांत महिना सहज मोडे. तेवढ्या अवधींत तोच गोल दुसऱ्या कोणाच्या दृष्टीस पडण्याचा संभव. आणि त्याहून मोठी चिंता ही, कीं लघुग्रह सूर्यापासून ठराविक बाजूस असतांनाच नीट दिसतो, पुढें अंधुक होत होत संध्याप्रकाशांत बुडतो. तोंवर पुरेसे वेध जमून कक्षा निश्चित झाली नाहीं तर सांपडलेला ग्रह पुन्हां हरवतो. म्हणून दूरच्या वेधशाळेला शोध लावून थांबतां येत नसे. वेधहि स्वतःच घ्यावे लागत. अकरा वर्षांनीं, नोव्हेंबर १८७२ मध्यें, गटिंगेनच्या क्लिंकरफ्यूस यांची एक तार मद्रासेस आली, कीं बिएलाचा धूमकेतु पृथ्वीला घासून गेला आहे, अमुक ताऱ्याजवळ पाहा. आणि २ डिसेंबरला पॉग्सन यांना तेथें खरोखरच एक धूमकेतु दिसला. तो बिएलाचा नव्हता असें पुढें गणितानें ठरलें, हा भाग वेगळा. पण अकरा वर्षांत जग किती जवळ आलें होतें हें यावरून दिसतें.

एशिया हा गोल आहे तरी केवढा? त्याचा व्यास साठ किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे पुण्याहून लोणावळ्यास जाण्याएवढा. तो खडकाळ जातीचा असून सुमारें सोळा तासांत स्वतःभोंवतीं एक गिरकी घेतो. सूर्यापासून त्याचें अंतर साडेएकोणतीस कोटि किलोमीटरांपासून त्रेचाळीस कोटि किलोमीटरांपर्यंत कमीजास्त होतें, आणि एक प्रदक्षिणा तीन वर्षें नऊ महिन्यांत पुरी होते. हा काळ मंगळाच्या वर्षाच्या जवळजवळ बरोबर दुप्पट आहे. मंगळाच्या दोन फेऱ्या होतात तों एशियाची एक. शोध लागल्यापासून त्याच्या चाळिसाहून अधिक फेऱ्या झाल्या आहेत. नुसत्या डोळ्यांना तो कधींच दिसत नाहीं.

यादींतील त्या तीन नोंदींत जें येत नाहीं, त्याविषयींहि सांगितलें पाहिजे. वेधशाळेचें रोजचें ओझें म्हणजे लघुग्रह शोधणें नव्हे. याम्योत्तरावर येणाऱ्या ताऱ्यांचे क्षण टिपणें, वेळ राखणें, आणि त्या सर्वांचें गणित करणें, हें होय. १८६२ पासून नव्या याम्योत्तर यंत्रावर हें काम पुढें पंचवीस वर्षें चाललें, आणि तें बहुतांशीं भारतीय साहाय्यकांनीं केलें. त्यांत अग्रभागीं होते चिंतामणि रघुनाथाचारी. पंचांग करणाऱ्या घराण्यांत जन्मलेला हा तरुण वेधशाळेंत लहान वयांत शिरला व प्रथम साहाय्यकाच्या पदापर्यंत चढला. १८६७ सालीं त्यांनीं दक्षिण आकाशांतील ‘जाल’ नक्षत्रांत एक रूपविकारी तारा शोधला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं पॉग्सन मच्छलीपट्टणास गेले, तर निजामाच्या राज्यांतील वनपर्ती येथें दुसऱ्या तुकडीचें नेतृत्व रघुनाथाचारी यांच्याकडे होतें. १८७२ सालीं लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनें त्यांना आपले सभासद करून घेतलें. १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणावर त्यांनीं अनेक भारतीय भाषांतून पुस्तिका काढल्या, म्हणजे सामान्य माणसानें तें ग्रहणासारखें भयानें न पाहतां समजून पाहावें. आणि दुर्बिणीच्या प्रत्यक्ष वेधांशीं पंचांगाचें गणित जुळत नाहीं हें दिसतांच त्यांनीं दृक्प्रत्ययी पंचांग प्रसिद्ध करून जुन्या गणितकारांचा रोष पत्करला. महाराष्ट्रांत हाच वाद त्याच सुमारास केरो लक्ष्मण छत्रे यांनीं अंगावर घेतला होता. त्यांचीं ग्रहसाधनाचीं कोष्टकें १८६० सालचीं, आणि पुढें पटवर्धनी म्हणून प्रसिद्ध झालेलें पंचांग १८६५ पासूनचें. मद्रास व पुणें यांच्या दरम्यान अंतर पुष्कळ, पण मनांतला प्रश्न एकच होता: जो ग्रह आकाशांत जेथें दिसतो तेथें तो पंचांगांत कां नसावा? रघुनाथाचारी १८८० सालीं निवर्तले. त्यांच्या नांवाचा लघुग्रह त्या काळांत कोणी ठेविला नाहीं.

पॉग्सन यांनीं मद्रासेंतून आणखी चार लघुग्रह शोधले. १८६४ सालीं सॅफो, १८६६ सालीं सिल्व्हिया, १८६८ सालीं कॅमिला आणि १८८५ सालीं व्हेरा. यांपैकीं सिल्व्हियाची कथा चमत्कारिक आहे. २००१ सालीं तिच्याभोंवतीं एक उपग्रह फिरतांना आढळला, २००४ सालच्या वेधांत दुसरा सांपडला, आणि दोन उपग्रह असलेला ज्ञात झालेला तो पहिला लघुग्रह ठरला. मद्रासच्या दुर्बिणींतून जो एक ठिपका दिसला होता, तो तिघांचा संसार निघाला.

पॉग्सन यांच्या कारकीर्दीचा उत्तरार्ध मात्र उदास आहे. वेध सांठत गेले, छपाई मागें पडली. हा दोष त्यांच्याकडेहि जातो. ज्यांनीं रात्री जागून आंकडे जमविले त्यांच्या श्रमाचें फळ वर्षानुवर्षें कपाटांत राहिलें, आणि त्याचा पुष्कळसा भाग पुढें मिची स्मिथ यांनीं छापून काढला. ज्या मुलीच्या नांवानें पहिला लघुग्रह ओळखला जातो ती आयसिस १८७३ पासून वेधशाळेंत बापाची साहाय्यक होती, व पुढें मद्रास सरकारची हवामान-वृत्तलेखकहि झाली. १८८६ सालीं बापानें तिचें नांव रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं सुचविलें. पण सोसायटीच्या नियमांत सभासदाचा उल्लेख पुल्लिंगी आहे, या सबबीवर तें मागें घ्यावें लागलें. ती सभासद झाली १९२० सालीं. आकाशांत नांव चौसष्ट वर्षें आधींच लागलेलें होतें!

२३ जून १८९१ रोजीं पॉग्सन मद्रासेंतच वारले. त्याच वर्षीं डिसेंबरांत हायडेलबर्ग येथें माक्स वोल्फ यांनीं छायाचित्राच्या कांचेवर उमटलेल्या बारीक रेघेवरून एक लघुग्रह शोधला. नकाशा व डोळा यांचा मेळ घालण्याची जुनी विद्या तेथें संपली. सरकणारा गोल आतां आपली रेघ आपणच ओढूं लागला. आज माहीत असलेल्या लघुग्रहांची संख्या तेरा लाखांच्या पलीकडे गेली आहे.

मद्रासच्या वेधशाळेचें काम १८९९ सालीं कोडैकानालच्या डोंगरावर गेलें. नुंगंबाक्कम येथें हवामान खात्याच्या आवारांत तिचा पाषाणस्तंभ अद्यापि उभा आहे; १७९२ सालीं यंत्र ठेवण्यासाठीं रोंवलेला. कोडैकानालची शाखा वाढतां वाढतां बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेंत परिणत झाली, आणि त्या संस्थेची एक वेधशाळा तामिळनाडूंतील जवादी डोंगरांत कवलूर येथें आहे. तेथें १७ फेब्रुवारी १९८८ च्या रात्रीं आर. राजमोहन यांना एक नवा लघुग्रह सांपडला. व्हेरानंतर भारतांतून असा शोध लागण्यास एकशें तीन वर्षें गेलीं होतीं. यादींत त्याचा क्रमांक ४१३० आहे, आणि नांव ‘रामानुजन्’.